हुकूम वरून, हिशेब आपला



कचेरीत, पोलीस ठाण्यात, शाळेच्या कार्यालयात किंवा एखाद्या संस्थेच्या बैठकीत एक वाक्य आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा ऐकलेले आहे. वरून आदेश आहे, आमचा इलाज नाही. हे वाक्य बोलणारा मनुष्य बहुधा दुष्ट नसतो. समोरच्याची अडचण त्याला कळते, कधी कधी त्याला वाईटही वाटते. तो फक्त आपल्या वाट्याचा भार वरच्याच्या खांद्यावर सरकवतो आणि मोकळा होतो. वरचा आणखी वर बोट दाखवतो. अन्याय तर घडतो, पण तो करणारा कोणीच सापडत नाही.

इस्लामी इतिहासात असा एक शासक होऊन गेला, ज्याच्या हातून तरुणपणी वरच्याच्या हुकमाने एक अन्याय घडला आणि ज्याने मरेपर्यंत त्या हुकमाची सबब पुढे केली नाही. हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांचे नाव आपल्या घरांत अपरिचित नाही. खाजगी बोलणे सुरू होताच सरकारी तेलाचा दिवा विझवून स्वतःचा दिवा लावणारे खलीफा म्हणून आपली मुलेही त्यांना ओळखतात. परंतु त्या दिव्यापाशी ते कोणत्या वाटेने पोहोचले, हे आपण मुलांना फारसे सांगत नाही. आज ती वाट आपण पाहू या.

हिजरी सन ६१ च्या सुमारास बनू उमय्या या सत्ताधारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अब्दुल अजीज बिन मरवान हे खलीफा अब्दुल मलिक यांचे बंधू आणि सुमारे वीस वर्षे मिसरचे राज्यपाल होते. आई उम्मे आसिम या हजरत उमर फारूक (रजि.) यांच्या नात. दुधात पाणी मिसळण्यास नकार देणाऱ्या, खलीफा पाहत नसला तरी अल्लाह पाहतो असे आईला सुनावणाऱ्या त्या गरीब मुलीची कथा आपल्याला ठाऊक आहे. त्या मुलीला हजरत उमर फारूक (रजि.) यांनी सून करून घेतले आणि तिचीच मुलगी उम्मे आसिम, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे या बालकाच्या एका बाजूला राजवाडा होता आणि दुसऱ्या बाजूला ते निर्भेळ दूध होते. या दोन वारशांतून आपला कोणता, हे त्यांना पुढे स्वतःच ठरवावे लागले.

शिक्षणासाठी वडिलांनी त्यांना मदीना येथे पाठविले. सालेह बिन कैसान यांच्याकडे त्यांची देखरेख सोपवली होती. एकदा केस विंचरण्यात वेळ गेला आणि नमाजची जमात चुकली. गुरूंनी ही गोष्ट मिसरला कळवली, तेव्हा वडिलांनी माणूस पाठवून मुलाचे केसच उतरवले. दुसरे गुरू उबैदुल्लाह बिन अब्दुल्लाह. त्या काळी उमवी दरबारात हजरत अली (रजि.) यांच्याविषयी अनुचित बोलण्याची रीत पडली होती. घरात सर्व जण बोलत, म्हणून हा विद्यार्थीही बोलून गेला. गुरूंच्या कानावर ते गेले. त्यांनी नाराजी दाखवली आणि अल्लाहने ज्यांच्यावर प्रसन्नता दर्शविली त्यांच्यावर तो नंतर कोपल्याचे तुला कोठून समजले, अशा आशयाचा प्रश्न केला. विद्यार्थी शरमला. त्याने क्षमा मागितली आणि पुन्हा तसा शब्द काढला नाही. पुढे खलीफा झाल्यावर मशिदींच्या मिंबरांवरून होणारी ती निंदा याच विद्यार्थ्याने बंद केली.

वडिलांच्या निधनानंतर काका अब्दुल मलिक यांनी त्यांना दमिश्कला बोलावून आपली कन्या फातिमा हिच्याशी त्यांचा विवाह लावून दिला. हिजरी सन ८७ मध्ये (इ.स. ७०६) नवे खलीफा वलीद यांनी त्यांना मदीनेचे राज्यपाल नेमले. वय अवघे पंचविशीचे. उंची वस्त्रे, महागडी अत्तरे आणि ऐटदार चाल यांसाठी हा तरुण प्रसिद्ध होता. तरीही मदीनेत पाऊल ठेवताच त्याने शहरातील दहा नामवंत फकीह बोलावले. उरवा बिन जुबैर, कासिम बिन मुहम्मद, सालिम बिन अब्दुल्लाह यांसारखे विद्वान त्यांत होते. तुमच्या सल्ल्यावाचून मी कोणताही निर्णय करणार नाही आणि माझा एखादा अधिकारी जुलूम करताना आढळला तर मला कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे, असे त्यांनी या मंडळींना सांगितले. मस्जिदे नबवीचा मोठा विस्तार त्यांच्याच देखरेखीखाली झाला. इराकमध्ये हज्जाजच्या जुलमाने गांजलेले लोक मदीनेत येऊन आश्रय घेऊ लागले. सुशासनाची कीर्ती पसरत होती.

आणि मग हिजरी सन ९३ उजाडले.

खुबैब हे हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांचे पुत्र. इबादतगुजार, विद्वान मनुष्य. त्यांचे काही बोलणे दमिश्कला रुचले नाही. वलीद यांचा लेखी हुकूम आला की त्यांना फटके मारावेत आणि गारठ्याच्या दिवसांत त्यांच्यावर थंड पाणी ओतावे. वाचकहो, त्या क्षणी राज्यपालाच्या आजूबाजूला दहा फकीह होते, हाती अधिकार होता, मनात ईशभय होते. तरीही हुकमाची अंमलबजावणी झाली. खुबैब त्या शिक्षेतून वाचले नाहीत. मृत्यूची बातमी कानी पडताच तरुण राज्यपाल इन्ना लिल्लाह म्हणत जमिनीवर कोसळला, असे इतिहासकार नोंदवतात.

त्याच वर्षी त्यांचे मदीनेतील पद संपले. त्यामागे हज्जाजच्या तक्रारींचा हात होता. पद गेले, परंतु खुबैब गेले नाहीत. पुढील आयुष्यात कोणी त्यांच्या सत्कर्मांची प्रशंसा करून जन्नतची आशा दाखवू लागला, की ते खुबैबचे काय, असे विचारून गप्प होत. चरित्रकारांनी ही गोष्ट आवर्जून लिहून ठेवली आहे. वलीद यांचा हुकूम होता, मी केवळ ताबेदार होतो, असे ते म्हणू शकले असते. ते खोटेही ठरले नसते. पण ही सबब अल्लाहच्या दरबारात चालणार नाही, हे त्यांना कळून चुकले होते. हुकूम देणारा आपला हिशेब देईल. हात ज्याचा होता, त्याला आपल्या हाताचा हिशेब द्यावा लागेल.

येथे क्षणभर थांबून आपल्या जमातच्या नमाजकडे पाहा. इमाम पुढे उभा राहतो, मुक्तदी मागे. कोणी कोणाला ओढून आणलेले नसते. तो झुकला की सर्व झुकतात. इतकी शिस्त जगात क्वचितच दिसते. तरीही नियत ज्याची त्यालाच करावी लागते, ती इमाम करून देत नाही. आणि इमाम चुकला तर मागच्याने गप्प राहायचे नसते. त्याने सुबहानल्लाह म्हणून किंवा लुकमा देऊन सावध करायचे असते, आणि चूक उमगताच इमामाने ती सुधारायची असते. मीही रोज मेहराबीत उभा राहतो, म्हणून सांगतो. मागून आलेल्या लुकम्याने इमामाची शान कमी होत नाही, सर्वांची नमाज वाचते. इस्लामने सत्तेचीही हीच रीत शिकवली आहे. आज्ञापालन खुशीचे, मर्यादेतले. आणि निर्माणकर्त्याच्या अवज्ञेत कोणाही माणसाची आज्ञा पाळायची नाही.

आता हिजरी सन ९९ च्या सफर महिन्यात, म्हणजे इ.स. ७१७ च्या सप्टेंबरमध्ये, शाम प्रदेशाच्या उत्तरेकडील दाबिक येथे चला. खलीफा सुलैमान मृत्युशय्येवर आहेत. त्यांचे विश्वासू सल्लागार रजा बिन हैवा यांनी सुचवले की मुलांऐवजी उमर बिन अब्दुल अजीज यांना उत्तराधिकारी करावे. घराण्याचा रोष टळावा म्हणून त्यांच्यामागे यजीद बिन अब्दुल मलिक यांचे नाव घातले गेले. मृत्युपत्र मोहरबंद झाले आणि त्यात ज्याचे नाव असेल त्याला मान्य करू, अशी बैअत घराण्यातील लोकांकडून नाव न सांगताच घेण्यात आली. उमर (रह.) यांना शंका आली. त्यांनी रजा यांची विनवणी केली की माझे नाव असेल तर आताच सांगा, अजून वेळ आहे तोवर मी नकार देईन. रजा यांनी तोंड उघडले नाही. सुलैमान यांच्या निधनानंतर पत्र फोडले, तेव्हा हिशाम बिन अब्दुल मलिक यांनी विरोध केला आणि उमर (रह.) यांच्या तोंडून पुन्हा इन्ना लिल्लाह निघाले. रजा यांनी त्यांना दंडाला धरून मिंबरावर बसवले.

मिंबरावरून त्यांनी जे केले, ते राजघराण्याच्या रिवाजात बसणारे नव्हते. ही जबाबदारी माझी इच्छा, माझी मागणी किंवा मुस्लिमांचा सल्ला यांवाचून माझ्यावर टाकली गेली आहे, असे सांगून त्यांनी लोकांच्या मानेवरील बैअत उतरवून टाकली आणि तुम्हाला हवा तो निवडा असे जाहीर केले. जमाव एका आवाजात ओरडला की आम्ही तुम्हालाच निवडले आहे.

बैअत हा शब्द अरबीत खरेदी-विक्रीच्या शब्दाशी नाते सांगतो. मदरशात फिकहचे धडे घेताना आपण शिकतो की न पाहिलेली वस्तू विकत घेतली असेल, तर ती पाहिल्यावर सौदा ठेवण्याचा वा मोडण्याचा अधिकार ग्राहकाला असतो. मला नेहमी वाटते, त्या दिवशी हजरत उमर (रह.) यांनी संपूर्ण उम्मतला हाच अधिकार परत दिला. मोहरबंद पत्रावर घेतलेला हात त्यांनी सोडला, आणि लोकांनी चेहरा पाहून तो पुन्हा दिला. मग ते लोकांना म्हणाले की मी अल्लाहचे आज्ञापालन करीन तोवर माझे ऐका, मी अवज्ञा केली तर माझी आज्ञा तुमच्यावर बंधनकारक नाही.

शाही घोडे समोर आणले गेले. ते विकून रक्कम बैतुलमालमध्ये भरण्यास सांगून ते आपल्या खेचरावर बसले. दफन आणि बैअत यांत जागरण झाले होते, म्हणून दुपारी थोडे पडावे असे त्यांनी ठरवले. इतक्यात तरुण पुत्र अब्दुल मलिक आला. लोकांचे हक्क परत न करता झोपणार का, असे त्याने विचारले. जुहरनंतर करीन, असे पित्याने उत्तर दिले. जुहरपर्यंत जगण्याची हमी कोणी दिली, असा मुलाचा प्रतिप्रश्न आला. पित्याने मुलाच्या कपाळाचे चुंबन घेतले, अशी संतती दिल्याबद्दल अल्लाहचे आभार मानले आणि विश्रांती न घेताच ते बाहेर पडले.

सुरुवात स्वतःपासून झाली. आपल्याला मिळालेल्या जहागिरींच्या सनदा त्यांनी मागवल्या. सेवक मुजाहिम एकेक वाचत गेला आणि खलीफा त्या कापत गेले. फदकची जमीन प्रेषित (सल्ल.) यांच्या काळी होती त्या व्यवस्थेत परत गेली. पत्नी फातिमा ही खलीफाची कन्या, खलीफांची बहीण. पित्याने दिलेले मौल्यवान दागिने तिच्यापाशी होते. दागिने किंवा मी, एकाची निवड कर, असे पतीने सांगितले. तिने दागिने बैतुलमालमध्ये धाडले. पतीच्या निधनानंतर तिच्या भावाने ते परत देऊ केले, तेव्हा त्यांच्या हयातीत सोडलेले त्यांच्या पश्चात घेणार नाही, असे सांगून तिने नाकारले. तिचा हा त्याग आपण आपल्या मुलींना अवश्य सांगावा. तिच्यावर जबरदस्ती नव्हती, निवड तिची होती.

रक्षकांचे प्रमुख अमर बिन मुहाजिर यांना त्यांनी एक विलक्षण काम सोपवले. मी सत्यापासून ढळताना दिसलो तर माझी गळपट्टी धरून मला हलवा आणि विचारा की उमर, हे काय करतोस. तलवार बाळगणाऱ्या सेवकाला त्यांनी लुकमा देण्याचा अधिकार दिला होता.

अधिकाऱ्यांशीही त्यांचे वागणे याच धर्तीवर होते. खुरासानात नवमुस्लिमांकडून जिझिया वसूल होत राहिला. तिथल्या राज्यपालाने त्यांच्या इस्लामची परीक्षा खतना तपासून घ्यावी अशी सूचना केली. अल्लाहने मुहम्मद (सल्ल.) यांना सत्याचे आवाहन करण्यासाठी पाठवले होते, खतना करण्यासाठी नव्हे, असे खलीफांनी कळवले आणि पुढे त्या राज्यपालाला पदावरून दूर केले. समरकंदचे लोक तक्रार घेऊन आले की कुतैबा बिन मुस्लिम यांनी आमचे शहर दगा करून घेतले. खलीफांनी काझी नेमण्याचा हुकूम दिला. काझीने विजेत्या सैन्याच्या विरोधात निवाडा दिला की अरबांनी शहर सोडून आपल्या छावणीत जावे आणि मग नव्याने तह किंवा युद्ध ठरावे. तो निवाडा ऐकून शहरवासीयांनीच आहे तसे राहू द्यावे असे ठरवले.

परंतु या लेखाचे मर्म ज्या पत्रात आहे, ते बसऱ्याचे. तिथले राज्यपाल अदी बिन अर्तात यांनी लिहिले की काही अधिकाऱ्यांनी सरकारी पैसा गिळला आहे, यातना दिल्यावाचून ते परत करणार नाहीत, तरी परवानगी असावी. कारण रास्त वाटत होते. पैसा जनतेचा होता, आरोपी अप्रामाणिक होते. खलीफांनी उत्तर पाठवले. माणसांना यातना देण्यासाठी तुम्ही माझी परवानगी मागता याचेच त्यांना आश्चर्य वाटले. जणू मी अल्लाहच्या शिक्षेपासून तुमची ढाल होईन, जणू माझी संमती तुम्हाला त्याच्या कोपापासून वाचवील. पुरावा असेल तर पुराव्याने वसूल करा, कबुली असेल तर कबुलीने, नाहीतर शपथ घेऊन सोडून द्या. या लोकांनी आपल्या अफरातफरीसह अल्लाहला भेटावे हे मला चालेल, पण त्यांच्या रक्तासह मी त्याला भेटणे चालणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता.

वाचकहो, हे पत्र कोणी लिहिले ते विसरू नका. ज्याच्या हाती एकेकाळी दमिश्कहून असाच हुकूम आला होता, ज्याने तो पाळला होता आणि खुबैब गमावले होते, त्यानेच हे लिहिले. वलीद यांनी आपल्याला जे उत्तर द्यायला हवे होते, ते त्यांनी अदी यांना दिले. तौबा म्हणजे केवळ अश्रू नव्हेत. ज्या ठिकाणी पाय घसरला, त्याच ठिकाणी दुसऱ्याचा पाय घसरू नये म्हणून उभे राहणे, हेही तौबाचेच अंग आहे.

तरीही हिशेबाची एक बाजू उरली होती. इराकमध्ये खारिजी गट बंडाला उठला. खलीफांनी आपल्या अधिकाऱ्याला कळवले की त्यांनी रक्त सांडेपर्यंत शस्त्र उचलू नये, आणि बंडखोरांना चर्चेचे निमंत्रण दिले. दोन प्रतिनिधी आले. अनेक मुद्द्यांवर खलीफांनी त्यांना निरुत्तर केले. शेवटी त्यांनी विचारले, तुम्ही न्यायी आहात, पण तुमच्यानंतर यजीद का? खलीफांनी सांगितले की त्यांना मी नेमले नाही, दुसऱ्याने नेमले. प्रतिनिधींनी विचारले, दुसऱ्याची ठेव तुमच्याकडे असेल आणि ती तुम्ही अविश्वासू माणसाच्या हाती दिली, तर अमानत पोहोचली असे होईल का? खलीफा अडखळले. त्यांनी तीन दिवसांची मुदत मागितली. दुसऱ्याने नेमले हे उत्तर म्हणजे दुसऱ्याने हुकूम दिला या उत्तराचाच सख्खा भाऊ आहे, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार होते?

त्यानंतर थोड्याच काळात ते आजारी पडले. घराण्याला सत्ता हातातून जाण्याचे भय वाटले आणि सेवकाकरवी विष दिले गेले, असे अनेक इतिहासकार लिहितात. त्या सेवकाला मिळालेली एक हजार दीनारांची लाच त्यांनी बैतुलमालमध्ये जमा करवली आणि त्याला मुक्त करून निघून जाण्यास सांगितले, असेही ते नोंदवतात. हिजरी सन १०१ च्या रजब महिन्यात (इ.स. ७२०) दैर समआन येथे वयाच्या चाळिशीच्या आसपास त्यांचे निधन झाले. कबरीची जागा त्यांनी तिथल्या ख्रिस्ती मठवासीयांकडून मोल देऊन घेतली होती. खिलाफत केवळ अडीच वर्षांच्या आतबाहेरची. यजीद गादीवर आले आणि बरीच घडी पुन्हा मोडली.

म्हणून ते अपयशी ठरले काय? तेराशे वर्षांनंतर आपण यजीद बिन अब्दुल मलिक यांचे चरित्र मुलांना सांगत नाही, हे एक उत्तर आहे. पण मला दुसरे उत्तर महत्त्वाचे वाटते. यजीदचा प्रश्न सुटला नाही, तरी तो प्रश्न माझा नाही असे त्यांनी शेवटी म्हटले नाही. त्यासाठी त्यांनी मुदत मागितली. मागाहून फातिमा यांनी सांगितले की एका रात्री ते मुसल्ल्यावर रडताना दिसले. कारण विचारले तेव्हा राज्यातले भुकेले, आजारी, अनाथ, कैदी यांची त्यांनी आठवण केली आणि या सर्वांविषयी अल्लाह आपल्याला विचारील, असे सांगितले.

आपल्यातील कोणी खलीफा नाही. पण कोणी मशिदीचा विश्वस्त आहे, कोणी ग्रामपंचायतीचा सदस्य, कोणी लिपिक, कोणी शिपाई, कोणी सून-मुलांवर अधिकार चालवणारा कुटुंबप्रमुख. आपण सर्वच कोणाच्या तरी मागे उभे आहोत आणि कोणाच्या तरी पुढे. पुढच्याचे ऐकावे, जमातची रांग मोडू नये, हे खरेच. पण कागदावर सही करताना, कोणाला दारातून परत पाठवताना किंवा बैठकीत गप्प बसताना एकदा खुबैब आठवावेत. आणि आपल्या हाताखालचा एखादा अन्यायाची परवानगी मागायला आला, तर त्याची ढाल होऊ नये.

अल्लाह आपल्याला आज्ञेत राहण्याची नम्रता आणि चुकीला लुकमा देण्याचे धैर्य देवो, आपल्या हातून झालेल्या अन्यायाची लाज आपल्या हृदयात जिवंत ठेवो, आणि हजरत उमर बिन अब्दुल अजीज यांच्यावर आपल्या कृपेचा वर्षाव करो. आमीन.